बिबट्याने न नेलेला डोळा

"बंद कर! बंद कर ते बिबट्याचं! माझ्या दुकानात बसून माझ्याच डोळ्याबद्दल थापा मारतोस?"

तू ओरडत होतास, पल्हाद, आणि तुझ्या हातात एका म्हाताऱ्याचा नवा चष्मा होता. देवपुरातलं तुझं ते दुकान केवढं, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने श्वास बाहेर सोडून यायचं. पण आवाज मात्र पांझरा नदी ओलांडून बस स्टँडपर्यंत गेला असणार. त्या दिवशी चोपड्याची बस दहा मिनिटं आधी सुटली ती त्याच दणक्याने, असं मी अजून सांगतो. म्हातारा बाकावर बसून तोंड उघडं टाकून माझं ऐकत होता. बिबट्या नुकताच केळीच्या बागेतून बाहेर पडला होता, शेपटी अकरा हात, आणि तू मला नेमकं तिथे अडवलंस.

म्हातारा म्हणाला, "सांगू दे ना भाऊ त्याले. चष्मा मंग दे."

तू चष्मा काउंटरवर आपटलास. तो फुटला नाही. तू विकलेला चष्मा सहसा फुटत नसे. हे मी शपथेवर सांगतो, यात काही वाढवलेलं नाही.

अख्ख्या धुळ्याला नीट दिसावं म्हणून एका डोळ्याचा माणूस दुकान मांडून बसलाय, यावर मी किती विनोद केले असतील! ते सगळे तू हसून ऐकलेस. बिबट्यावर मात्र चिडायचास, आणि दर वर्षी जास्त चिडायला लागलास. का, ते मला नऊ वर्षं माहीत होतं. माहीत असून मी सांगत राहिलो. आज तुझ्या गंधमुक्तीला चार दिवस झाले. सुतक संपलं, भावकीच्या कपाळांना गंध लागला, पाहुणे आपापल्या गावी गेले. माझ्याशी भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. मध्येच अडवायचं असेल तर अडव.

बिबट्या जन्माला आला तो तुझ्या लग्नाच्या बैठकीत. असोद्याला तुमच्या ओट्यावर सतरंजी, मुलीकडची अकरा माणसं (एरवी मी चाळीस सांगतो, तुझ्यापुढे अकराच), पोह्यांच्या बशा, आणि सगळ्यांची नजर चुकून चुकून तुझ्या त्या न हलणाऱ्या डोळ्यावर. मुलीच्या मामांनी घसा साफ केला. आपल्याकडे सोयरीक जुळवताना माणसाचं काय गेलं याला फारसं कोणी अडत नाही, ते कसं गेलं ते विचारतात. अपघात असेल तर बिचारा, रोग असेल तर दार बंद. अपघात रक्तात उतरत नाही ना!

तुझ्या आईने, आमच्या काकूंनी, ठरलेलं सांगितलं, "विटी लागली हो."

"केवढा होता तेव्हा?"

तुझी आई खोटं बोलू शकायची, पण वय चोरू शकायची नाही. "दोन वर्षांचा," ती म्हणाली.

पोह्यातले शेंगदाणे चावायचे थांबले. मामा म्हणाले, "दोन वर्षांचं पोर विटी-दांडू खेळत होतं?"

तेव्हा मी चौथी बशी खाली ठेवली. "मामा, विटी ही लोकांना सांगायची गोष्ट. खरं वेगळं आहे. काकूंना रडू येतं म्हणून त्या सांगत नाहीत." आणि मी बिबट्या सोडला. केळीची बाग, पाळण्यात तू, काकूंच्या हातात विळा, पंजाचा एकच फटकारा. काकूंनी पदर तोंडाला लावला तो हसू दाबायला. मामांना वाटलं रडू. सुपारी फुटली. जाताना मामांनी काकूंना वाकून नमस्कार केला.

तुलाही त्या दिवशी हसू आलं होतं, नाही म्हणू नकोस. कारण खरं काय ते आपल्याला तरी कुठे धड माहीत होतं? मुंबईच्या डॉक्टरने काकांना सांगितलं होतं की डोळ्यात गाठ आहे, डोळा काढावा लागेल, पोर वाचेल. काकांनी त्यातलं "पोर वाचलं" एवढंच घरी आणलं. गाठीचं नाव गाडीतच राहिलं.

मग मनू झाली, आणि ज्याबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही ते घडलं.

सात-आठ महिन्यांची होती. असोद्याला आजीकडे. मी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि त्यात तिच्या उजव्या डोळ्यात पांढरी चमक आली, मांजराच्या डोळ्यात येते तशी. दुसऱ्या फोटोतही आली. झालं, मला विषय मिळाला! पोरीच्या डोळ्यात चांदणी आहे, हिरा आहे, अंधारात हिच्या उजेडावर पोथी वाचता येईल, असं मी गावभर केलं. बायका मुद्दाम फोटो काढायला यायच्या. दोन महिने, पल्हाद. दोन महिने आम्ही त्या चमकेचं कौतुक केलं. एकदा मीच तुला फोटो पाठवला, खाली लिहिलं, "बघ, तुझी पोरगी दिवा घेऊन आलीय." तू दुकानात होतास. गिऱ्हाइकाला खुर्चीत तसंच सोडून तू शटर ओढलंस आणि मोटारसायकलवर निघालास. असोद्याला आलास, पोरीचा डावा डोळा तळहाताने झाकलास. ती रडून उठली. तिला त्या उजव्या डोळ्याने काही दिसतच नव्हतं.

तू मला काही बोलला नाहीस. बोलायला हवं होतंस. मी अजून वाट बघतोय.

मुंबईच्या इस्पितळात मीही तुमच्याबरोबर होतो. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर होता; मनूचा उजवा डोळा काढला. डाव्यात दोन बारीक ठिपके होते, ते औषधांनी आणि लेझरने मारले, तो वाचला. मग जनुकांच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आपल्याला समोर बसवलं आणि कागदावर आपलं खानदान काढायला घेतलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्याला रोग, त्याचं घर शाईने भरायचं.

"आजोबांचा डोळा कशाने गेला?" त्यांनी विचारलं.

"बैलाने शिंग मारलं," मी सुरू झालो. "बैल कसला, हत्तीच म्हणा! तीन गावांत त्याला कोणी जू लावू शकत नव्हतं..."

"तेव्हा कोणी पाहिलं होतं?"

"अख्ख्या गावाने!"

"एखादं नाव?"

मला एक नाव सुचलं नाही. मला, पल्हाद! तू खिशातून आबा आजोबांचा जुना फोटो काढलास. बाईंनी तो जवळ धरून पाहिला. डोळा होता, पण आक्रसलेला, चिंचोक्याएवढा. त्या म्हणाल्या, "फार क्वचित ही गाठ आपोआप जिरते. डोळा सुकतो, माणूस वाचतो. फोटोवरून खात्री देता येत नाही. पण शिंग लागलेला डोळा म्हणून मी हा लिहून घेणार नाही." मग आबांची बहीण. तिसऱ्या वर्षी देवी येऊन गेली, असं आपण ऐकलेलं. "जाताना डोळा फुगून बाहेर आला होता म्हणतात," तू हळूच म्हणालास. बाईंनी तो गोलही भरला. तुझे वडील मधे कोरे. "त्यांना न शिवता त्यांच्यातून पुढे आलंय. असंही होतं."

मी त्या कागदाकडे बघत बसलो. बैल नव्हता, देवी नव्हती, बिबट्या नव्हता. सगळ्यांच्या घरांत एकच शाई. चार पिढ्या आपण एकाच रोगाला वेगवेगळी जनावरं लावत आलो होतो आणि त्यातलं सगळ्यात देखणं जनावर माझं होतं.

बाईंनी समजावलं ते तू घरी सगळ्यांना सांगायचास आणि कोणाला कळायचं नाही. शेवटी मीच ते आपल्या भाषेत केलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. पेशीने वाढायचं कुठे थांबायचं, ते हे जनुक बघतं. म्हणजे केळीच्या बागेला दोन राखणदार. एक झोपला तरी दुसरा जागा असतो. आपल्यातल्या काहींच्या बागेत एक राखणदार जन्मापासूनच झोपलेला. दुसऱ्याला डुलकी लागली की बाग रान होते. बाळाच्या डोळ्याचा पडदा घडत असतो तेव्हा पेशी सगळ्यात घाईत असतात, म्हणून घात तिथे आधी होतो. हे ऐकून तू म्हणालास, "भावड्या, तुझी ही एकच थाप खरी आहे." आयुष्यात तू मला दिलेलं ते एकमेव प्रमाणपत्र. फ्रेम करून लावणार होतो.

आणि ती सूक्ष्मदर्शकाखालची काच! मनूच्या डोळ्याचा तपास झाला तेव्हा तू हट्ट धरलास की मला दाखवा. पॅथॉलॉजीच्या बाई आधी तयार नव्हत्या. तू म्हणालास, "बाई, भिंगाचा धंदा आहे माझा. मला बघता येतं." तू सूक्ष्मदर्शकाला एक डोळा लावलास, दुसरा मिटायची तुला गरजच नव्हती. किती वेळ बघत होतास कोण जाणे. मग मला बोलावलंस. निळ्याजांभळ्या पेशींची दाटी, मधे मेलेल्या पेशींचे गुलाबी पट्टे, चुन्याचे कण, आणि जागोजागी पेशींनी गोल धरलेले, पाकळ्यांसारखे. मी म्हणालो, "बाई, ही तर फुलांची बाग आहे!"

त्या म्हणाल्या, "फुलं नाहीत. या पेशींना डोळ्याचा पडदा व्हायचं होतं. तसं व्हायचा त्या अजून प्रयत्न करतायत, तेवढंच."

त्यांनी दृष्टीच्या नसेचं कापलेलं टोक दाखवलं, तिथे एकही निळी पेशी नव्हती, म्हणजे रोग डोळ्याबाहेर पडला नव्हता. तू खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "बिचाऱ्या." मला वाटलं मनूला म्हणालास. मग कळलं, त्या पेशींना. स्वतःच्या पोरीचा डोळा खाणाऱ्या पेशींना बिचाऱ्या म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी तर न पाहिलेली माणसंही पुष्कळ पाहिलीत.

मला तुझं दुसरंही आठवतं. एका डोळ्याने खोली कळत नाही, म्हणून पाणी ओतताना तू तांब्याची कड आधी पेल्याला टेकवायचास. टक्. मग धार. कित्येक वर्षं मला वाटायचं ती तुझी ऐट आहे. आणि सकाळी बेसिनपाशी तू आणि मनू, दोघं आपापले खोटे डोळे धुताना. "पप्पा, माझा आधी बसला!" "चीटिंग! तू साबण लावलाच नाहीस." वहिनी दारात हात कमरेवर ठेवून उभ्या, शाळेची रिक्षा बाहेर ओरडतेय, आणि तुम्हाला शर्यत संपवायची आहे. तो डोळा लपवायचा नाही, हे मनू तुझ्याकडूनच शिकली. मी जन्मभर लपवण्याचंच काम केलं, आणि लोक मला बोलका म्हणतात.

तर आपलं भांडण. ते वैशालीवरून. तुझी धाकटी बहीण, भडगावला दिलेली, नऊ वर्षं मूल नाही म्हणून सासरी खालमानेने वावरलेली. तिला तू आधीच सांगितलं होतंस की रक्त तपासून घे. "दादा, माझ्या डोळ्यांना काय झालंय? बाबांना तरी काय झालं होतं?" असं म्हणून तिने टाळलं. मग चार महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. तोवर तुझं गुडघ्यावरचं हाड सुजलं होतं आणि तुला कोणी सांगायच्या आधी कळलं होतं. डॉक्टरांनी बजावलेलंच होतं, ज्यांच्यात हे जन्मापासून असतं त्यांना पुढेही जपावं लागतं, हाडात, मांसात कुठेही निघू शकतं. मला फोनवर एवढंच म्हणालास, "पायातला राखणदार झोपला रे." माझीच गोष्ट माझ्यावर फेकलीस.

वैशालीच्या नवऱ्याला तू स्वतः सांगितलंस. तो काय म्हणाला, ते तू मला हातवारे करून करून सांगितलंस: "पण दादा, तुमच्या डोळ्याचं तर बिबट्याचं आहे ना? भाऊंनी आमच्या लग्नात सांगितलं होतं."

"बघितलंस?" तू खाटेवरून म्हणालास. "माझं खरं कोणी ऐकत नाही. तुझं खोटं सगळे ऐकतात. तूच सोडलंस ना ते जनावर? तूच आवर."

"लोक वैशालीला काय म्हणतील? उद्या मनूचं लग्न..."

"मनू दहा वर्षांची आहे, भावड्या. ते बाळ चार महिन्यांचं आहे."

मी म्हणालो, बघू. तू भिंतीकडे तोंड केलंस. मी म्हणालो, बुधवारी येतो. तू मंगळवारी गेलास. भांडण जिंकून निघून जाणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, सांग.

म्हणून गंधमुक्तीच्या दिवशी मी ते केलं. त्याचा शेवट काय होईल मला ठाऊक नाही. बाळाचे डोळे बघायला वेळ लागत नाही, पण भडगावहून अजून निरोप नाही; वैशालीच्या रक्ताचं कळायला तर दिवस जातात, आणि कळलं तरी तुला सांगायची सोय नाही. घडलं ते असं.

जेवणं झाली होती. असोद्याच्या मांडवात भावकी, गाव, तुझी धुळ्याची चार गिऱ्हाइकं. वैशाली कोपऱ्यात बाळ घेऊन, शेजारी तिची सासू, भडगावच्या अक्का, पाठ ताठ, चेहरा असा की त्यापुढे दगड हसरा वाटावा. परत जायला त्यांची गाडी दारात उभी. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टर चारपर्यंत असतात, हे मी सकाळीच विचारून ठेवलं होतं. मी उभा राहिलो.

"मंडळी, पल्हादचा डोळा बिबट्याने नेला नव्हता."

लोक खुशीत सरसावून बसले. "मग काय वाघाने?" कोणीतरी म्हणालं आणि सुतकातून उठलेला मांडव हसला. मी गाठीचं नाव घेतलं, ते आणखी हसले. "आता हे नवीन काढलं!" "ऐका रे, शेवटी मजा येईल." त्यांना शेपटी हवी होती, अकरा हातांची. मी इतकी वर्षं त्यांना तशीच सवय लावली होती. पल्हाद, जिभेवर तीन जनावरं येऊन उभी राहिली, मी तिघांना परत पाठवलं. मग आबांचा डोळा सांगितला, आबांची बहीण सांगितली, तुझा, मनूचा, तुझा पाय. एकेक वाक्य. पुढे काही लावलं नाही. हसू एका बाजूने विझत गेलं.

वैशालीचा नवरा उठला. "भाऊ, ही काय वेळ आहे का हे बोलायची?" वैशालीने मान खाली घातली होती. अक्कांनी त्याला हाताने खाली बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वैशालीमा शे का ते?"

"माहीत नाही, अक्का. रक्त तपासल्यावर कळेल."

"पोरमा?"

"माहीत नाही. वैशालीत नसेल तर पोरीत येणारच नाही. असेल तर अर्धं-अर्धं, येईल किंवा येणार नाही. तोवर डोळे दाखवत राहायचं."

"आनि व्हयनं तं?"

"लवकर सापडलं तर जीव वाचतो. पुष्कळदा डोळाही वाचतो."

"पुष्कळदा म्हनजे?"

"नक्की माहीत नाही, अक्का."

एका बैठकीत इतक्या वेळा मी हे कधी म्हणालो नव्हतो. थापेत माहीत नसलेलं काही नसतंच. शेपटीची लांबीसुद्धा माहीत असते. अक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, बहुतेक त्या 'माहीत नाही'साठीच थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर कोठे शे?" मी म्हणालो, जळगावला, चारपर्यंत. त्यांनी वैशालीच्या मांडीवरचं बाळ उचललं, उजेडाकडे धरलं, एकदा पाहिलं, आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं.

"पोरले दूध पाजी ले," त्या म्हणाल्या. "गाडी पहिले जळगावले जाई."